पेजेपासून पोळीपर्यंत : पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या खाण्याचा इतिहास



आजचा विषय फलकावर वाचून एकदोघांनी मला दारातच विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून डॉक्टरकी कधीपासून?" डॉक्टरकी मी करत नाही. पण या विषयाकडे मी कसा वळलो, ते आधी सांगतो. त्यात माझी चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरं नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. गॅस्ट्रिक बायपास म्हणतात ती. वजन ११८ किलो, मधुमेह जुना, गुडघे गेलेले. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, ती घरी आली. तिसऱ्या आठवड्यात गणपती बसले. आम्ही सगळे पंगतीला, आणि ती कोपऱ्यात खुर्चीवर बसून घोटलेलं मुगाचं वरण चहाच्या चमच्यानं खात होती. मला बघवेना. म्हटलं, "अगं, बाप्पाचा प्रसाद आहे. एका मोदकानं काय होतंय?" ती म्हणाली, "दादा, नको." मी आग्रह केला. थोरला भाऊ, त्यातून प्राध्यापक! तिनं माझं मन राखायला खाल्ला. वीस मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, पोटात कळा सुरू झाल्या. तासाभरानं ओसरलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "माझं पोट शिकतंय रे. तुम्हीही जरा शिका."

आजचं व्याख्यान म्हणजे तो अभ्यास आहे, उशिरा केलेला.

सुरुवात करू व्हिएन्नापासून. २९ जानेवारी १८८१. थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदानं ४३ वर्षांच्या एका स्त्रीच्या जठराचा कर्करोगानं ग्रासलेला भाग काढला आणि उरलेलं जठर आतड्याला जोडलं. ती जगली. यापूर्वी असे प्रयत्न झाले होते, पण रोगी वाचले नव्हते. टाके घालून बिलरोथचं काम संपलं नव्हतं. शिवलेल्या जठरात पहिल्यांदा काय घालायचं, हा प्रश्न होताच. आधी फक्त बर्फाचे तुकडे, मग चमच्याचमच्यानं आंबट दूध. पुढं काही महिन्यांनी कर्करोग उलटला आणि ती गेली. पण जठर कापूनही माणूस पुन्हा खाऊ शकतो, हे सिद्ध झालं. १८९७ साली झुरिकमध्ये कार्ल श्लाटरनं एका वृद्धेचं संपूर्ण जठर काढलं, आणि तीही वर्षभर जगली, खात होती.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथं प्रश्न पडणारच. जठर नाही, तर भूक कुठं लागते? १९१२ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांचा विद्यार्थी वॉशबर्न यानं रबरी फुगा गिळला. जठर आकुंचन पावलं की भूक जाणवते, असं त्यांना त्यातून दिसलं. म्हणजे भूक पोटात, असा निर्वाळा झाला. पण १९३१ साली मिनेसोटाचे वँगनस्टीन आणि शिकागोचे कार्लसन यांनी असा रोगी नोंदवला, की ज्याचं अख्खं जठर काढलेलं होतं आणि तरीही त्याला भूक लागत होती! म्हणजे भुकेचं घर केवळ पोटात नाही.

मिनेसोटा हे नाव लक्षात ठेवा, आपण तिथं परत येणार आहोत. याच विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले, स्वखुशीनं आलेले. २४ आठवडे अर्धपोटी राहून त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशानं घटलं. ते ताटल्या चाटत, पाककृतींची पुस्तकं जमवत, इवलंसं जेवण तासन्‌तास चिवडत बसत. प्रयोगाचा खरा हेतू मात्र पुढचा होता : युद्धानंतर उपाशी युरोपला पुन्हा जेवू कसं घालायचं? तेव्हा दिसलं ते असं, की पोट तडस लागेपर्यंत भरलं तरी काहींची भूक जाईना. शरीर भरणं आणि मन भरणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्हींना वेळ लागतो.

आता वजनाच्या शस्त्रक्रियेकडे येऊ. तीही मिनेसोटातच सुरू होते. १९५४ साली क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून दोन टोकं जोडण्याची शस्त्रक्रिया मांडली. तिच्यामागचा विचार बघा. माणसानं खावं तेवढं खावं, अन्न अंगी लागू नये म्हणजे झालं. खाणं तसंच ठेवायचं आणि आतडं बदलायचं! वजन उतरलं, पण जुलाब, मूत्रखडे, यकृताचे गंभीर विकार मागे लागले. पुढच्या पंचवीसेक वर्षांत ती पद्धत सोडून द्यावी लागली. माझ्या मते इथं मोठा धडा आहे. खाण्याच्या सवयीला हात न लावता सुटका शोधली, तेव्हा त्याची किंमत शरीरानं मोजली.

आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी दुसरी गोष्ट पाहिली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रोगी नंतर बारीकच राहतात. त्यावरून १९६६ साली त्यांनी आणि इतो यांनी गॅस्ट्रिक बायपास केली. वरच्या बाजूला जठराची लहानशी पिशवी ठेवायची आणि ती थेट आतड्याला जोडायची. आज ही पिशवी साधारण ३० मिलिलिटरची करतात, म्हणजे दोन मोठे चमचे. इतक्याशा जागेत पहिल्यासारखं खाणं शक्यच नाही. इथं माणसाला जेवायला नव्यानं शिकावंच लागतं.

आणि माझ्या मोदकाचं काय झालं? जठर हे नुसतं पोतं नाही, तो दारावरचा पहारेकरी आहे. अन्न थोडंथोडं पुढं सोडतो. बायपासनंतर तो पहारेकरी राहत नाही. गुळाचं सारण थेट आतड्यात उतरतं, आतडं पाणी ओढून घेतं, संप्रेरकं उसळतात, घाम येतो, धडधड होते. जठर कापलेल्या रोग्यांमधली ही लक्षणं हर्ट्झ यांनी १९१३ सालीच वर्णिली होती, आणि १९२२ साली 'डम्पिंग' हे नाव रूढ झालं. म्हणजे मी १०० वर्षं जुनी चूक केली होती.

या शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांची एक शिडी असते. रुग्णालयागणिक दिवस थोडे मागेपुढे होतात, क्रम तोच. आधी पाणी, पातळ सार, घोटाघोटानं. मग दूध, ताक, गाळलेलं वरण. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून घोटलेलं, नंतर मऊ भात-वरण, मऊ पनीर, अंडं. पोळी सहा-आठ आठवड्यांनी, तीही चावूनचावून. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाच्या अंतरानं. प्रथिनं आधी, रोज सुमारे ६० ते ८० ग्रॅम, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर, कारण बी-१२ शोषण्यासाठी लागणारं द्रव्य जठरातून येतं. आणि एक विशेष सांगतो : उलट्या थांबत नसतील तर 'चालायचंच' म्हणून घरी बसू नये. बी-१ जीवनसत्त्व काही आठवड्यांत संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ताप, नाडी जलद, पोटात वाढती वेदना, यापैकी काही दिसलं तर त्याच दिवशी आपल्या सर्जनकडे जावं.

ही शिडी बघताना मला चरकसंहिता आठवली. वमन-विरेचनानंतर तिथं संसर्जन क्रम सांगितला आहे. आधी पेया, म्हणजे आपली पातळ पेज. मग दाट विलेपी, मग यूष, म्हणजे कडधान्याचं कढण, मग मांसरस, आणि साधारण सातव्या दिवशी नेहमीचं जेवण. आयुर्वेदाच्या ग्रंथांत यासाठी एक सुंदर उपमा येते : ठिणगीएवढ्या विस्तवाला आधी गवत, शेणी असं हलकं जळण देतात, तेव्हा कुठं तो सगळं पचवण्याजोगा होतो. आता लगेच 'आमच्याकडे सगळं होतंच' म्हणून टाळ्या नकोत. चरकांपुढं बायपास नव्हती. त्यांची कारणमीमांसा वेगळी, आजची वेगळी. साम्य म्हणजे पुरावा नव्हे. पण अनुभव एक आहे : रिकाम्या किंवा दुखावलेल्या कोठ्याला अन्नाची ओळख पुन्हा, क्रमानं करून द्यावी लागते. तो क्रम हा उपचाराचाच भाग आहे, नुसतं पथ्य नव्हे.

शेवटचा मुद्दा. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन हे संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं आणि भूक चेतवतं. अशा शस्त्रक्रियांनंतर अनेकांची भूक सुरुवातीला खरोखरच मंदावते, त्यात याचाही वाटा असावा असं मानतात. म्हणजे माझी बहीण त्या पंगतीत उपाशी नव्हतीच! भूक तिची नव्हती, माझी होती. तिला आमच्यात बसवून घेण्याची, सगळं पूर्वीसारखं आहे असं स्वतःला पटवण्याची. आपल्याकडे प्रेम वाढून दाखवतात. ताटात पडलेला घास नाकारला तर माणूसच नाकारल्यासारखं वाटतं. आग्रह हा आपला सद्गुण आहे, पण त्या आठ आठवड्यांत तो जाच होतो. म्हणून मला वाटतं, पथ्याचा कागद रोग्याच्या हातात देतात तसा घरच्यांच्याही हातात द्यावा.

पुढच्या गणपतीत ती आमच्या पंगतीला बसली. अर्धी पोळी, वाटीभर उसळ, आणि मोदकाचं एक टोक, तेही स्वतः मोडून घेतलेलं. जेवायला तिला चाळीस मिनिटं लागली. आमची पानं कधीच आटोपली होती. या वेळी मी "अजून घे" म्हटलं नाही. तिचं होईपर्यंत गप्पा मारत बसून राहिलो. हात वाळून गेला, पण उठलो नाही.

इथं थांबतो.