अटलांटाच्या स्मारकांना दोन तारखा असतात
अटलांटाच्या इतिहासातली निर्णायक लढाई अमेरिकेच्या यादवी युद्धात, २२ जुलै १८६४ रोजी झाली. आजचा पर्यटक ती ज्या चित्रात पाहतो ते मात्र १८८५-८६मध्ये, लढाईच्या जागेपासून शेकडो मैल दूर मिलवॉकी शहरात रंगवलं गेलं, आणि रंगवणारे बहुतेक चित्रकार जर्मन होते. ४९ फूट उंच आणि ३७१ फूट लांब असं हे वर्तुळाकार चित्र, म्हणजेच सायक्लोरामा, आता अटलांटा हिस्ट्री सेंटरमध्ये आहे. प्रेक्षकाने मधोमध उभं राहायचं आणि चहूबाजूंनी पेटलेली लढाई पाहायची, अशी त्याची रचना. सिनेमा येण्यापूर्वीच्या काळात असे खेळ तिकीट लावून गावोगाव दाखवले जात. या चित्रापाशी उभं राहिलं की एक गोष्ट लक्षात येते, आणि ती या शहरातल्या जवळजवळ प्रत्येक ऐतिहासिक स्थळाला लागू पडते. प्रत्येक स्थळाला दोन तारखा असतात: घटना घडली ती एक, आणि त्या घटनेचं स्मारक उभं राहिलं ती दुसरी. पाहुणे पहिली तारीख वाचून पुढे सरकतात. शहराचा स्वभाव कळतो तो दुसऱ्या तारखेतून.

मूळ चित्र उत्तरेच्या विजयाचं होतं. १८८६मध्ये ते प्रथम मिनिआपोलिसला दाखवलं गेलं. तिथल्या प्रेक्षकांचे बाप आणि भाऊ युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या सैन्यात लढले होते. काळ्या घोड्यावरून दौडत येणारा जनरल लोगन हा त्यांचाच नायक. १८९२मध्ये चित्र अटलांटात आलं आणि गिऱ्हाईक बदललं. पकडून नेले जाणारे दक्षिणेचे कैदी नव्या रंगाखाली पळ काढणारे उत्तरेचे सैनिक झाले, आणि दक्षिणेचा विजय म्हणून चित्राची जाहिरात झाली. वस्तुतः ती लढाई दक्षिण हरली होती आणि त्यानंतर सहा आठवड्यांत शहर उत्तरेचा सेनापती शेर्मन याच्या हाती पडलं होतं. हा फेरफार पुढे काढून टाकला गेला. १९३०च्या दशकात चित्रासमोर प्लास्टरच्या सैनिकांच्या आकृत्या मांडल्या गेल्या आणि त्यांतल्या एका मृत सैनिकाला अभिनेता क्लार्क गेबलचा चेहरा मिळाला. नंतर कापड कुजत चाललं. ते वाचवायचा आग्रह धरला तो मेनार्ड जॅक्सन यांनी, म्हणजे शहराच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांनी. आपल्या पूर्वजांना मुक्त करणाऱ्या युद्धातली ही लढाई आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९८२मध्ये दुरुस्त झालेलं चित्र लोकांसाठी खुलं झालं. उत्तरेचा अभिमान, दक्षिणेचं सांत्वन आणि गुलामांच्या नातवंडांचा हक्क, तिन्ही त्याच कापडावर होऊन गेले आहेत. २०१९पासून हिस्ट्री सेंटर चित्राबरोबर ही सगळी हकिकतही सांगतं, आणि मला ते चित्राइतकंच मोलाचं वाटतं.

शहराबाहेरच्या स्टोन माउंटनवर कोरलेले दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि सेनापती ली व जॅक्सन हे तीन घोडेस्वार पाहताना हीच कसोटी जास्त कठोरपणे लावावी लागते. युद्ध १८६५मध्ये संपलं. कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचं पुनरुज्जीवन याच डोंगरावर १९१५मध्ये झालं आणि कोरीवकाम १९२३मध्ये सुरू झालं. ते अर्धवट पडून राहिलं होतं. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निकाल १९५४चा; त्यानंतर चार वर्षांनी जॉर्जिया राज्याने डोंगर विकत घेतला आणि १९७२मध्ये शिल्प पूर्ण केलं. हे शिल्प नागरी हक्कांच्या चळवळीला दिलेलं दगडी उत्तर आहे, असं म्हणायला हा कालक्रम पुरेसा आहे. युद्धाची आठवण पडद्यावर आली तेव्हाही हाच काळ बोलत होता: ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ अटलांटात १५ डिसेंबर १९३९ रोजी झाला, तेव्हा वर्णभेदामुळे हॅटी मॅकडॅनियल या त्या चित्रपटातल्या अभिनेत्रीला येता आलं नाही. आदल्या रात्रीच्या समारंभात एबेनेझर चर्चच्या गायकवृंदाने गुलामांच्या वेशात गाणी म्हटली. त्या वृंदात दहा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंगही होता.

यावर कुणी म्हणेल, की सगळाच इतिहास नंतरची माणसं घडवतात, मग एक स्मारक खरं आणि दुसरं खोटं असं कशाच्या आधारावर ठरवायचं? आधार आहे. चित्रातले कैदी कोणत्या बाजूचे होते हे तपासता येतं. शहर २ सप्टेंबर १८६४ रोजी शरण गेलं, हे कोणत्याही रंगाने पुसता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: ही कसोटी फक्त दक्षिणेच्या स्मारकांवरच का चालवायची? ती मार्टिन ल्यूथर किंग जिथे जन्मले त्या ऑबर्न ॲव्हेन्यूवरही चालवायला हवी.

तिथे पहिली तारीख १५ जानेवारी १९२९, किंग यांच्या जन्माची. दुसरी १९६८: हत्येनंतर काही महिन्यांतच त्यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी स्मारक केंद्र सुरू केलं. १९८०मध्ये अमेरिकी काँग्रेसने हा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित केला. मराठी पाहुणा थांबतो तो गांधीजींच्या पुतळ्यापाशी, आणि ते योग्यच आहे. १९५९च्या भारतभेटीत किंग मुंबईत मणिभवनात राहिले होते. पण या दोन तारखांच्या आधीचा आणि मधला काळ तिथे सहज नजरेआड होतो. १९०६च्या वर्णद्वेषी दंगलीनंतर कृष्णवर्णीयांचे व्यवसाय ऑबर्नवर एकवटले. गुलामगिरीत जन्मलेल्या अलोन्झो हर्नडन यांनी केशकर्तनाच्या धंद्यातून पैसा उभा केला आणि १९०५मध्ये अटलांटा लाइफ ही विमा कंपनी काढली. बँक, वृत्तपत्र, चर्च, दुकानं यांची ती पेठ होती, आणि किंग घडले ते या पेठेत. पुढे शहराने आपला महामार्ग नेमका तिच्या मधून नेला. किंग यांचं घर जपलं गेलं, पेठ तुटली. म्हणून थेट जन्मघरी उतरू नये. पश्चिमेकडून, हर्नडन यांच्या कंपनीच्या जुन्या इमारतीपासून पूर्वेकडे पायी निघावं. तो महामार्ग वाटेत येतोच आणि त्याच्याखालूनच पुढे जावं लागतं.