हेनरायकोचा अधीक्षक आणि व्हर्जिनिया रँडॉल्फ

शाळाखात्याच्या इतिहासात अधिकाऱ्याची कर्तबगारी ठळक अक्षरांत नोंदली जाते. शाळा किती सुधारल्या ते वर, खाली अधिकाऱ्याची सही. महसूल कुणाच्या घामाचा आणि शिक्षण कुणाच्या मुलांना, हा हिशेब फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडला. त्याआधी १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना. त्याच अमेरिकेतल्या एका अधीक्षकाची कामगिरी मी फुल्यांच्या हिशेबाने तपासू पाहतो.

जॅक्सन डेव्हिस हा गोरा तरुण १९०५ साली व्हर्जिनिया राज्यातील हेनरायको परगण्याचा शाळा-अधीक्षक झाला. ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्येच शिक्का मारला होता. १९०२ च्या राज्यघटनेने तिथल्या बहुसंख्य काळ्या माणसांचे मत काढून घेतले होते. ज्याला मत नाही त्याच्या शाळेचे छप्पर गळते की नाही, याची फिकीर सत्ताधारी कशाला करतील?

याच परगण्यात माउंटन रोडवरच्या एका खोलीच्या शाळेत व्हर्जिनिया रँडॉल्फ १८९२ पासून शिकवीत होत्या. त्यांचे आईबाप गुलामीत जन्मलेले. बाईंनी पदरमोड करून शाळा झाडून-सारवून उभी केली, भिंतींना चुना दिला, झाडे लावली. वाचन-लेखनाबरोबर शिवण, टोपल्या विणणे, स्वयंपाक शिकवला. यावर काही पालक चिडले. पोरे पुस्तक शिकायला पाठवली आहेत, कामाला नव्हे, असे त्यांचे म्हणणे. मला हा राग अडाणीपणाचा वाटत नाही. काळ्यांच्या हस्तोद्योगाला गोरे दाते सढळ हाताने पैसे देत, त्यामागे स्वस्त मजुरांची गरजही होती. शिकून पुन्हा झाडूच हातात घ्यायचा असेल तर शिकायचे कशाला, हा सवाल आपल्या वस्त्यांना नवा नाही. पण बाईंनी घरोघर जाऊन, बोलून, त्याच पालकांना शाळेशी जोडले.

डेव्हिसचे श्रेय इथे आहे. त्याने हे काम पाहिले आणि ओळखले. ॲना जीन्स या क्वेकर बाईंनी १९०७ साली काळ्यांच्या ग्रामीण शाळांसाठी दहा लाख डॉलर दिले होते. त्या निधीतून त्याने १९०८ साली रँडॉल्फना परगण्यातील २३ शाळांवर फिरती पर्यवेक्षिका नेमले. काय करायचे ते त्यांनीच ठरवायचे, अशी मोकळीक दिली. त्यांच्या कामाचा अहवाल दक्षिणेतल्या इतर अधीक्षकांकडे धाडला. पुढे ही पद्धत दक्षिणेतल्या अनेक राज्यांत पसरली आणि १९६८ पर्यंत चालली. अधिकाऱ्याने हाताखालच्या काळ्या बाईचे काम तिच्याच नावाने पुढे जाऊ द्यावे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे.

पैसा मात्र कुणाचा? या पर्यवेक्षिका वर्गणी गोळा करीत, त्यातून रोझेनवाल्ड निधीच्या शाळा उभ्या राहिल्या. १९३२ पर्यंत सुमारे पाच हजार. निधीने सुमारे ४३ लाख डॉलर घातले, काळ्या गावकऱ्यांनी सुमारे ४७ लाख. कर भरून झाल्यावर ही वर्गणी वेगळी. नाव मात्र रोझेनवाल्डचे.

आणि भिंत? तिला डेव्हिसने हात लावला नाही. शाळा सुधारली, पण वेगळीच राहिली. १९५१ साली याच राज्यातील प्रिन्स एडवर्ड परगण्यात, डांबरी कागदाच्या झोपड्यांत भरणाऱ्या वर्गांविरुद्ध सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संप घडवला. तो खटला १९५४ च्या ब्राऊन निकालात सामील झाला. एकत्र शाळा चालवण्यापेक्षा परगण्याने १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांना कुलपे ठोकली. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. काळ्या मुलांसाठी कुलपे उघडली ती १९६४ साली.