कान ठीक, मग अडतं कुठे?

पोहरादेवीच्या आसपासच्या बंजारा तांड्यांवरून शाळेत येणाऱ्या कितीतरी मुलांच्या घरात गोरबोली असते आणि वर्गात मराठी. ‘वही काढा, बारावं पान उघडा, तिसरं गणित सोडवा,’ असं बाई एका दमात सांगतात. एखादं मूल वही काढतं आणि तसंच बसून राहतं. पंख्याची घरघर असते, शेजारच्या वर्गात पाढे चालू असतात. बाई म्हणतात, लक्ष नाही. याडी, म्हणजे आई, म्हणते, कान दाखवू. कान तपासले, तर ते ठणठणीत!

या कोड्याचा उलगडा 1954च्या सुमारास सुरू झाला. मिलानमध्ये एत्तोरे बोक्का आणि त्यांचे सहकारी मेंदूत गाठ असलेले रुग्ण तपासत होते. यंत्राचे सूर या रुग्णांना नीट ऐकू येत. साधे शब्दही कळत. पण तेच शब्द मुद्दाम बिघडवून ऐकवले, की गाठीच्या विरुद्ध बाजूचा कान मागे पडे. कानात शिरलेल्या आवाजाचा अर्थ लावण्याचं काम मेंदूचं असतं आणि तिथेही अडू शकतं, हे त्यातून दिसलं. 1954मध्येच अमेरिकेत हेल्मर मायकलबस्ट यांनी मुलांच्या श्रवणदोषांवर पुस्तक लिहिलं. 1961मध्ये डोरीन किमुरा यांनी दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवून पाहिले. पुढच्याच वर्षी जॅक कॅट्झ यांची दोन कानांच्या शब्दांची चाचणी आली. ऐकलेल्याचा अर्थ लावण्यातली ही अडचण मुळात स्वतंत्र दोष आहे की अवधानाचा, यावर तज्ज्ञांचा वाद मात्र आजही मिटलेला नाही.

भारतात म्हैसूरची वाक्‌-श्रवण संस्था 1965ची, मुंबईची अली यावर जंग संस्था 1983ची. म्हैसूरमध्ये आशा यथिराज यांनी सहकाऱ्यासह अशी अडचण असलेली मुलं ओळखण्यासाठी शिक्षकांना भरता येईल अशी 12 प्रश्नांची सूची तयार केली. शाळेत येऊन मुलं तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर 2013मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला.

पण ही अडचण शोधणाऱ्या चाचण्यांचा मोठा भाग शब्दांवर उभा आहे आणि शब्द कुठल्यातरी भाषेचेच असणार. गोरबोलीत वाढलेलं मूल मराठी शब्दांच्या चाचणीत अडखळलं, तर दोष श्रवणाचा की अपरिचित भाषेचा, हे कसं ठरवायचं? दोन आवाजांमधली बारीकशी फट ओळखणं किंवा उंच-खालच्या सुरांचा क्रम सांगणं, अशा चाचण्या इथे अधिक न्याय्य ठरतात. साधारण सात वर्षांच्या आत मात्र बहुतेक चाचण्यांचे निकाल भरवशाचे नसतात.

शिक्षकांना एक पडताळणी आजही करता येईल. शांत जागी, कुणीतरी गोरबोलीत तीन पायऱ्यांची सूचना द्यावी. मुलाने ती पार पाडली, तर अडचण मराठीची किंवा वर्गातल्या गोंगाटाची असू शकते. तिथेही अडलं, तर आधी कानातला मळ आणि पडद्यामागचं पाणी तपासून घ्यावं, मग श्रवणतज्ज्ञाकडे पाठवावं. तोवर पुढचा बाक द्यावा, पंख्यापासून दूर बसवावं, एका वेळी एकच सूचना द्यावी, ती फळ्यावर लिहावी आणि मुलाकडून वदवून घ्यावी. यासाठी कुठल्याही प्रमाणपत्राची वाट पाहायची गरज नाही. दोष शेवटी कुठेही निघो, यात मुलाचं नुकसान काहीच नाही.