उलटा धरलेला रस्ता

पुण्यात होतो तोवर सावली ही फोटो काढायची गोष्ट आहे, असं कधी वाटलंच नाही. सावली म्हणजे उन्हात स्कूटर लावायची जागा! मे महिन्याच्या मध्यात तर एका दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते.

जर्मनीतल्या पहिल्याच डिसेंबरात मात्र चक्रावलो. बर्लिन साडेबावन्न अक्षांशावर. ऐन दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर. गणित सोपं आहे: माणसाची सावली त्याच्या चौपट लांब!

या सावल्यांचं सोनं केलं ते ओटो उम्बेर ऊर्फ 'उम्बो' यानं. जन्म १९०२. वायमारच्या बाउहाउस शाळेत तो १९२१ ते १९२३ शिकला. गंमत म्हणजे तिथे तेव्हा फोटोग्राफी शिकवतच नसत. तो वर्ग सुरू झाला १९२९ साली, देसाऊला. पण योहानेस इटेन नावाचे मास्तर उजेड-अंधाराचा विरोध ओळखायचे धडे गिरवून घेत. २३ साली शाळेनं उम्बोला काढून टाकलं, पण धडे डोळ्यांत राहिले. बर्लिनमध्ये पडेल ते काम करत १९२६च्या सुमारास त्यानं कॅमेरा हाती घेतला.

१९२८ साली त्यानं उंचावरच्या खिडकीतून खालचा रस्ता टिपला. रोजचाच रस्ता, रोजचीच माणसं. मग त्यानं एवढंच केलं, की फोटो उलटा धरला! लगेच सावल्या उभ्या राहून चालू लागल्या आणि खरी माणसं त्यांच्या पायाशी ठिपक्यांसारखी पडून राहिली. नाव दिलं, 'रस्त्याचं गूढ'. ना महागडं मॉडेल, ना स्टुडिओ.

त्याच वर्षी तो 'देफोट' या फोटो एजन्सीत सामील झाला. सचित्र साप्ताहिकांचा तो सुकाळ होता. १९३३ला नाझी सत्तेवर आले आणि तो खेळ संपला. पुढे १९४३च्या बॉम्बहल्ल्यात उम्बोच्या हजारो निगेटिव्ह जळून खाक झाल्या. युद्धानंतर तो हानोव्हरला राहिला, १९८०मध्ये वारला. २०१६ साली बर्लिन, हानोव्हर आणि देसाऊ इथल्या तीन संग्रहालयांनी मिळून त्याचा ठेवा विकत घेतला.

म्हणजे बघा, निगेटिव्ह गेल्या आणि वाचले ते कागदावर उतरलेले प्रिंट. माझ्या हार्ड डिस्कवर हजारो फोटो आहेत, कागदावर एकही नव्हता. हे वाचल्यावर थोडं चरकलोच. मागच्या रविवारी खिडकीतून काढलेल्या एका फोटोचा प्रिंट करून आईला पोस्टानं पाठवला.

तिचा फोन आला, "अरे, यात तू कुठेयस? नुसती लांबलचक सावलीच दिसतेय."

म्हटलं, "आई, तोच मी. इकडे हिवाळ्यात असाच दिसतो."