निळ्या लॉबस्टरची बातमी आणि शेपटीवरची खाच

आजचा भाग एका बातमीवर आहे, आणि ती तुम्ही एकदा तरी पाहिलेली असणार. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, एका मच्छीमाराच्या पिंजऱ्यात निळाशार लॉबस्टर सापडला. वीस लाखांत एक! फोटोत रबरी हातमोजे आणि त्यात शाईच्या दौतीतून काढल्यासारखा प्राणी. पुढे कधीतरी नारिंगी सापडतो, तो तीन कोटींत एक. मग बरोबर मधोमध रेघ मारल्यासारखा अर्धा काळपट आणि अर्धा नारिंगी, तो पाच कोटींत एक. आणि पांढरा सापडला तर थेट दहा कोटींत एक.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कुणी ‘लाखात एक’ म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: एकूण किती? दिवसाला पाच कोटी रिक्वेस्ट घेणाऱ्या सिस्टिममध्ये दहा लाखांत एकदा होणारी चूक रोज पन्नास वेळा होते. तिला दुर्मीळ म्हणून सोडून देता येत नाही. म्हणून या निळ्या लॉबस्टरलाही तोच प्रश्न विचारून बघूया. त्याचं उत्तर शोधता शोधता आपण रंगाकडून दीडशे वर्षांच्या एका भांडणाकडे जाणार आहोत.

आधी एक खुलासा. कोकणातली आपली शेवंड वेगळी. तिला मोठ्या नांग्या नसतात, लांब काटेरी मिशा असतात. आज ज्याची गोष्ट आहे तो अमेरिकन लॉबस्टर, उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातला, दोन जाडजूड नांग्यांचा.

रंग येतो कुठून?

हॉटेलच्या चित्रात लॉबस्टर लाल असतो, पण समुद्रातून वर येतो तेव्हा तो मळकट, हिरवट-तपकिरी असतो. त्याच्या अन्नातून त्याला ॲस्टाझँथिन नावाचं लाल रंगद्रव्य मिळतं. कवचात गेल्यावर क्रस्टासायनिन नावाचं एक प्रथिन या रंगद्रव्याला धरून ठेवतं, आणि त्या पकडीत लाल रंग चक्क निळा दिसायला लागतो. लाल, निळा, पिवळा असे थर एकावर एक बसले की आपल्याला दिसतो तो चिखलाचा रंग. उकळत्या पाण्यात टाकलं की प्रथिनाची पकड सुटते आणि मूळचा लाल उघडा पडतो.

या निळ्या प्रथिनावर जॉर्ज वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये शोधनिबंध लिहिला. याच वाल्ड यांना पुढे १९६७ मध्ये, डोळा कसा पाहतो यावरच्या कामासाठी, नोबेल मिळालं. प्रथिनाची रेणूच्या पातळीवरची रचना ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये मांडली. आणि निळ्या लॉबस्टरमध्ये जनुकातल्या बदलामुळे एक प्रथिन गरजेपेक्षा जास्त बनतं, हे २००५ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठातल्या रोनाल्ड ख्रिस्टेन्सन यांनी दाखवलं. म्हणजे निळा हा काही वेगळ्या जातीचा नाही. तोच प्राणी, फक्त मिश्रणाचं प्रमाण बदललेलं.

गंमत बघा, निळा असो, नारिंगी असो, की ठिपक्यांचा, उकळला की सगळे लालच होतात. अपवाद फक्त पांढऱ्याचा, कारण त्याच्याकडे रंगद्रव्यच नसतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जुन्या काळात निळे लॉबस्टर नव्हते का?

होते की. १८९५ मध्ये फ्रान्सिस हेरिक या प्राणिशास्त्रज्ञाने अमेरिकन लॉबस्टरवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, अमेरिकेच्या सरकारी मत्स्य आयोगासाठी. त्यात वेगळ्या रंगांच्या लॉबस्टरचीही नोंद आहे. म्हणजे मच्छीमारांना हे प्राणी तेव्हाही माहीत होते. मग बातम्या आताच का?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. सतराव्या शतकात न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर लॉबस्टर इतका मुबलक होता की त्याची कुणाला किंमतच नव्हती. १६२३ मध्ये प्लिमथच्या वसाहतीत नवे लोक जहाजाने आले. पाहुण्यांना द्यायला भाकरी नाही, फक्त लॉबस्टर किंवा मासळी आहे, याचं गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डला वाईट वाटलं होतं, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. १८४० च्या दशकात मेनमध्ये लॉबस्टर डबाबंद करण्याचे कारखाने सुरू झाले. सुरुवातीला मोठे मोठे लॉबस्टर डब्यात जात. मोठे कमी झाले तसे लहान जाऊ लागले, मग आणखी लहान.

आणि डब्यात गेलेला प्रत्येक लॉबस्टर आधी उकळलेला. त्या काळात कारखान्यात एखादा निळा आलाच असेल तर तोही लाल होऊन डब्यात गेला. त्याची नोंद कोण ठेवणार? नोंद राहते ती बघणाऱ्याला थांबायला वेळ असेल तरच. आज मच्छीमाराच्या खिशात कॅमेरा आहे, किनाऱ्यावर मत्स्यालय आहे, आणि बातमी घ्यायला सगळं जग तयार आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका रेस्टॉरंटच्या टाकीत कर्मचाऱ्यांना निळा लॉबस्टर दिसला. त्याची रवानगी थेट ॲक्रनच्या प्राणिसंग्रहालयात झाली, नाव ठेवलं क्लॉड. दीडशे वर्षांपूर्वी त्याला नाव वगैरे काही मिळालं नसतं.

आता हिशोब

२०१६ मध्ये मेनच्या मच्छीमारांनी सुमारे १३ कोटी २० लाख पौंड लॉबस्टर उतरवला. तो विक्रम होता, त्यानंतर आकडा खाली आलाय. आपण सोयीसाठी १० कोटी पौंड धरू. एका लॉबस्टरचं वजन साधारण सव्वा पौंड. म्हणजे झाले ८ कोटी लॉबस्टर, वर्षाला, एकट्या मेनमध्ये. ‘वीस लाखांत एक’ खरं मानलं तर दरवर्षी ४० निळे सापडायला हवेत. ‘तीन कोटींत एक’ वाले दोन-तीन. शिवाय लहान म्हणून परत पाण्यात सोडलेले लॉबस्टर यात धरलेलेच नाहीत. मग उन्हाळ्यात दर थोड्या दिवसांनी एक ‘अतिदुर्मीळ’ बातमी आली तर त्यात चमत्कार काहीच नाही.

आता तोच हिशोब मागे न्या. १९२० आणि ३० च्या दशकांत मेनचा धंदा बसला होता. वर्षाला ५० ते ७० लाख पौंड, बस्स. त्याच प्रमाणाने बघितलं तर अख्ख्या राज्यात वर्षाला फार तर दोन-तीन निळे.

या ‘वीस लाखांत एक’च्या मागे काटेकोर मोजणी नाही, हे अंदाज आहेत. रंगांच्या प्रमाणाची चांगली आकडेवारीच नाही, असं शास्त्रज्ञ स्वतः सांगतात. मेनमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ न्यू इंग्लंडमध्ये आता वेगळ्या रंगाच्या लॉबस्टरच्या जनुकांवर काम चाललंय. तिथे ठेवलेल्या एका नारिंगी मादीला २०२४ मध्ये हजारो पिल्लं झाली, आणि त्यातली निम्म्याहून थोडी जास्त नारिंगी निघाली. म्हणजे हा रंग पुढच्या पिढीत उतरतो आणि सगळा मामला निव्वळ लॉटरीचा नाही.

पण माझ्यासाठी खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. अपूर्णांकात वर निळा एक, तो बातमीत येतो. खालचा छेद ५० लाखांवरून ८ कोटींवर गेला, तो कसा? त्याची बातमी का होत नाही?

शेपटीवरची खाच

लॉबस्टरची मादी अंडी पोटाखाली, शेपटीला चिकटवून, नऊ ते अकरा महिने वागवते. जेमतेम पकडण्याजोगी झालेली मादी काही हजार अंडी घालते, म्हातारी मोठी मादी लाखभर. अंडी असलेली मादी पकडायची नाही, असा कायदा मेनने १८७२ मध्येच केला. पण अंडी खरवडून टाकली की कोण ओळखणार? तसं सर्रास व्हायचं. १८९५ मध्ये किमान लांबी साडेदहा इंच ठरली आणि राज्यातल्या डबाबंद कारखान्यांचा धंदा संपला. तरी बंदराबंदरांत लहान लॉबस्टर चोरून विकणं चालूच होतं. मच्छीमार, व्यापारी आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षं भांडणं झाली.

१९१७ पासून राज्याने एक वेगळा मार्ग धरला. अंडी असलेल्या माद्या सरकारने विकत घ्यायच्या, शेपटीच्या पंख्यावर खूण करायची आणि परत समुद्रात सोडायच्या. आधी भोक पाडत, पुढे इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराची खाच मारू लागले. खाच असलेली मादी कुणाच्याही पिंजऱ्यात आली, तिच्या पोटाखाली त्या दिवशी अंडी असोत-नसोत, तिला सोडूनच द्यायचं. ही मादी अंडी देते हे सिद्ध झालंय, पुढेही देईल, एवढाच त्या खाचेचा अर्थ. अंडी खरवडणाऱ्याची सोय संपली, कारण खाच खरवडता येत नाही. १९३३ मध्ये कमाल मापही आलं, म्हणजे फार मोठे लॉबस्टरही सोडायचे.

इथे मला महत्त्वाचं वाटतं ते पुढे झालं ते. हळूहळू मच्छीमार स्वतःच खाच मारायला लागले. मेन विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ जेम्स ॲचिसन यांनी या लोकांवर आयुष्यभर अभ्यास केला. १९८८ चं त्यांचं ‘द लॉबस्टर गँग्ज ऑफ मेन’ हे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यात दिसतं की प्रत्येक बंदराची टोळी आपला पाण्याचा तुकडा राखते. बाहेरचा आला तर आधी इशारा, मग पिंजऱ्याची दोरी कापली जाते. असे भांडखोर लोक, पण खाचेच्या बाबतीत एक शिस्त. कारण आज सोडलेली मादी उद्या आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या पिंजऱ्यात येणार, हे सगळ्यांना ठाऊक. ती शेजाऱ्याने विकली तर आपलं सोडणं फुकट गेलं.

पिंजऱ्याचाही यात वाटा आहे. पिंजऱ्यातून लॉबस्टर जिवंत, धडधाकट वर येतो. मोजपट्टी लावा, उलटा करून बघा, नको असेल तर सोडा. तो परत तळाला जाऊन जगतो.

सगळं श्रेय खाचेला देणं बरोबर होणार नाही. मेनच्या आखातात लॉबस्टरची पिल्लं खाणारा कॉड मासा अतिमासेमारीने कमी झाला, पाणीही तापलं, आणि काही काळ ते लॉबस्टरला मानवलं. पण तापमान तर दक्षिणेलाही वाढलं. ऱ्होड आयलंड, कनेक्टिकट, लाँग आयलंड साउंड या भागांत १९९० च्या दशकाच्या शेवटापासून लॉबस्टरचा धंदा कोसळला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दोन्ही भागांची तुलना केली. मेनमध्ये माद्या आणि मोठे लॉबस्टर राखल्यामुळे उबदार पाण्याचा फायदा वाढला. दक्षिणेला तेवढी राखण नव्हती, त्यामुळे नुकसान आणखी वाढलं, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आणि आपल्याकडे

हे ऐकून ‘आपला काय संबंध’ असं वाटत असेल तर मुंबईचं उदाहरण देतो. मुंबईच्या समुद्रात वाळूत राहणारा चपटा, बिननांग्यांचा लॉबस्टर मिळायचा. १९७८ पासून ट्रॉलरच्या जाळ्यांत तो मोठ्या प्रमाणात येऊ लागला, निर्यातीला मागणी होतीच. अंडी असलेल्या माद्याही त्यात जात राहिल्या. १९९४ पर्यंत तो धंदा जवळजवळ संपला. शास्त्रज्ञ व्ही. डी. देशमुख यांनी २००१ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच ‘कोलॅप्स’ हा शब्द आहे. सोळा वर्षांत सुरुवात आणि शेवट. २००३ मध्ये केंद्र सरकारने निर्यातीसाठी किमान वजनं ठरवली, वाळूतल्या या लॉबस्टरला १५० ग्रॅम. पण तोवर मुंबईतला हा लॉबस्टर संपत आला होता. शिवाय तासन्‌तास ओढलेल्या जाळ्यातून वर आलेली मादी सोडून दिली तरी ती जगेलच असं नाही.

म्हणून सांगतो, निळ्या लॉबस्टरचा फोटो आला तर बघा, पुढे पाठवा, सुंदरच असतो तो. फक्त एवढं लक्षात असू द्या की त्या मच्छीमाराने त्याच सकाळी शेकडो मळकट लॉबस्टर हाताळले असतील. त्यातली एखादी अंडीवाली मादी उलटी करून, तिच्या शेपटीवर खाच मारून, पैसे देणारा माल स्वतःच्या हाताने पाण्यात सोडला असेल. तिचा फोटो कुणी काढत नाही. पण तिच्यासारख्या माद्या सोडल्या म्हणून आज कोट्यवधी लॉबस्टर वर येतात, आणि त्या कोट्यवधींत चाळीस निळे निघतात.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या गावच्या बंदरावर शेवंडीबद्दल असा काही न लिहिलेला नियम असेल, कुठल्या महिन्यात धरायची नाही, केवढी सोडून द्यायची, तर नक्की कळवा. असे नियम कुठे छापलेले नसतात, ज्येष्ठ मंडळींच्या बोलण्यातच सापडतात.