राष्ट्रपतिपदाचे अल्पज्ञात उमेदवार : अव्वल साधनें व त्यांचें परीक्षण

भारताच्या राष्ट्रपतिपदाची पहिली निवडणूक २ मे १९५२ रोजीं झाली. तींत डॉ. राजेंद्रप्रसाद यांस ५,०७,४०० व प्रा. के. टी. शाह यांस ९२,८२७ मतें मिळालीं, एवढी हकीकत बहुतेक ग्रंथांत सांपडते. परंतु निकालाची यादी येथें संपत नाहीं. तिच्यांत पुढें आणखी तीन नांवें आहेत : थत्ते लक्ष्मण गणेश, मतें २,६७२, चौधरी हरिराम, १,९५४, कृष्णकुमार चतर्जी, ५३३. ग्रंथकार या तिघांस 'इतर' या एका शब्दांत गुंडाळून मोकळे होतात. जुन्या दफ्तरांतील एकाद्या यादींत एका शिलेदाराचें नांव नवें सांपडलें तर त्यावर टिपण लिहिणाऱ्या आपल्या मंडळींनीं प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च पदासाठीं उभ्या राहिलेल्या मनुष्याची एवढीहि विचारपूस करूं नये, हें उचित नव्हे. हीं नांवें कोणत्या साधनांत मिळतात, त्या साधनांची परीक्षा कशी करावी व त्यांतून निश्चित असें काय निष्पन्न होतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

प्रथम साधनांची प्रतवारी लावूं. निवडणुकीच्या वेळीं भारत सरकारच्या राजपत्रांत प्रसिद्ध झालेल्या अधिसूचना हें पहिल्या प्रतीचें साधन. निवडणूक आयोगानें मागाहून संकलित केलेले निकालाचे तक्ते हें दुसऱ्या प्रतीचें. कारण तें नकलेच्या जातीचें आहे. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे हें स्वतंत्र साक्षीचें साधन होय. राष्ट्रपतीच्या निवडणुकीसंबंधींचे वाद ऐकण्याचा अधिकार राज्यघटनेच्या ७१ व्या कलमानें त्या न्यायालयास दिला आहे. समकालीन वृत्तपत्रें हें चौथें. त्यांचा उपयोग बखरीसारखा करावा. म्हणजे तीं वाचावींत, पण अन्य आधारावांचून त्यांवर विसंबूं नये.

आतां एक पाठचिकित्सेचा प्रश्न पाहूं. १९५७ च्या निवडणुकींत डॉ. राजेंद्रप्रसाद यांस ४,५९,६९८, चौधरी हरिराम यांस २,६७२ व नागेंद्रनारायण दास यांस २,००० मतें नोंदलेलीं आहेत. १९५२ सालीं थत्ते यांस मिळालेला आंकडा व १९५७ सालीं हरिराम यांस मिळालेला आंकडा अक्षरशः एकच आहे. पोथ्या चाळणाऱ्या कोणाहि वाचकाच्या मनांत शंका येईल कीं, हा लेखकाचा दृष्टिदोष असावा. एका पानावरील अंक दुसऱ्या पानावर उतरला असावा. शंका रास्त आहे. शिवाय मधल्या काळांत, १९५६ सालीं, राज्यांची पुनर्रचना झाली, आणि संसदसदस्याच्या मताचें मूल्य ४९४ चें ४९६ झालें. तेव्हां मापें बदललीं असतां माप तेंच यावें, हें चमत्कारिक खरें.

तरीहि आम्ही हा पाठ बदलावा असें म्हणत नाहीं. १९५२ चे पांचहि आंकडे मिळवले असतां ६,०५,३८६ होतात, व नोंदलेली एकूण बेरीज तीच आहे. १९५७ चे तीन आंकडे मिळवले असतां ४,६४,३७० होतात. तीहि बेरीज जुळते. नकलकार एक अंक चुकला असता तर दोहोंपैकीं एक बेरीज तुटली असती. बेरीज मागाहून चुकीच्या अंकावरूनच केली असेल, हा आक्षेप तर्कदृष्ट्या शक्य आहे. त्याचें निरसन राजपत्रांतील मूळ अधिसूचनेशीं ताडा घेऊनच होईल. पण उपलब्ध साक्षी एकमुखानें एक पाठ देत असतां केवळ तो विलक्षण दिसतो म्हणून संपादकानें आपली कल्पना घुसडूं नये, हा दंडक पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या निमित्तानें डॉ. सुखटणकरांनीं घालून दिला, आणि तो अंकांसहि तितकाच लागू आहे.

दुसरा मुद्दा मतमूल्याचा. या निवडणुकींतील 'मतें' म्हणजे मतदारांचीं डोकीं नव्हेत. घटनेच्या ५५ व्या कलमाप्रमाणें राज्याच्या लोकसंख्येस विधानसभेच्या निवडलेल्या सदस्यांच्या संख्येनें भागावयाचें, आलेल्या भागाकारांत जितके हजार असतील तितकें एका सदस्याच्या मताचें मूल्य; बाकी पांचशेंहून कमी नसेल तर एक वाढवावयाचा. हें ध्यानांत घेतलें म्हणजे क्षुल्लक वाटणारे आंकडे बोलूं लागतात. १९५२ सालीं चतर्जी यांस ५३३ मतें मिळालीं. म्हणजे त्यांस मत देणाऱ्यांत संसदसदस्य असलाच तर तो एकच असूं शकतो. थत्ते यांच्या २,६७२ मध्यें पांचांहून अधिक संसदसदस्य बसत नाहींत.

१९६७ च्या निवडणुकींत ही रीत अधिक फळास येते. त्या सालीं संसदसदस्याच्या मताचें मूल्य ५७६ होतें. विधानसभांत सर्वांत जड मत उत्तर प्रदेशाचें : १९६१ च्या खानेसुमारीची लोकसंख्या ७,३७,४६,४०१, सदस्य ४२५; मूल्य १७४. त्या निवडणुकींत भांबुरकर श्रीनिवास गोपाळ यांस २३२ मतें पडलीं. २३२ हा आंकडा ५७६ हून लहान, म्हणून त्यांत संसदसदस्य एकहि नाहीं; आणि १७४ हून मोठा, म्हणून निदान दोन आमदारांनीं त्यांस मत दिलें. एवढें गणितानें सिद्ध होतें. कोणी दिलें, हें मतदान गुप्त असल्यामुळें गणित सांगूं शकत नाहीं.

येथें अतिव्याप्तीचा मोह टाळला पाहिजे. त्याच सालीं कृष्णकुमार चतर्जी यांस १२५ मतें मिळालीं. पश्चिम बंगालची लोकसंख्या ३,४९,२६,२७९ व सदस्य २८०. मूल्य १२५ येतें. आडनांव बंगाली, मत बंगालच्या मूल्याचें. तेव्हां हें एका बंगाली आमदाराचें मत, असा निष्कर्ष काढण्यास जीभ उतावीळ होते. परंतु ओरिसाची लोकसंख्या १,७५,४८,८४६ व सदस्य १४०. तेथेंहि मूल्य १२५. आंध्राची ३,५९,८३,४४७ व सदस्य २८७, तेथेंहि १२५! अनुमानाचा हेतु तीन पक्षांवर सारखाच राहूं लागला म्हणजे तो अनैकांतिक ठरतो, हें न्यायशास्त्राचा पहिला पाठ घेतलेला विद्यार्थीहि जाणतो. संशोधकानें आडनांवावर भाळूं नये.

तिसरा मुद्दा शून्याचा. १९६७ सालीं सतरा उमेदवार होते, त्यांपैकीं नवांस एकहि मत नाहीं. पांच वर्षांपूर्वीं, १९६२ सालीं, डॉ. राधाकृष्णन् यांच्याविरुद्ध ६,३४१ मतें मिळवणारे चौधरी हरिराम हेहि या नवांत आहेत. आतां १९५२ च्या कायद्याप्रमाणें त्या काळीं उमेदवारी अर्जावर एक सूचक व एक अनुमोदक लागे, आणि ते दोघेहि मतदार असावे लागत. म्हणजे प्रत्येक शून्यामागें अर्जावर सही करणारे दोन लोकप्रतिनिधि उभे आहेत, आणि त्यांचें पहिल्या पसंतीचें वैध मत आपल्याच उमेदवारास पडलेलें नाहीं. सही एका कारणासाठीं व मत दुसऱ्या कारणासाठीं दिलें जाई, हें या शून्यांनीं उघड केलें आहे. तत्कालीन लोकव्यवहाराचें असें चित्र मोठमोठ्या भाषणांच्या संग्रहांत मिळावयाचें नाहीं.

'या अल्पमतांचा निकालाशीं संबंध काय?' असा प्रश्न कोणी करील. त्याचें उत्तर १९६९ च्या निवडणुकींत आहे. १६ ऑगस्ट १९६९ रोजीं झालेल्या त्या मतदानांत एकूण वैध मूल्य ८,३६,३३७ होतें, म्हणून विजयास ४,१८,१६९ अवश्य होतीं. श्री. गिरी यांस पहिल्या पसंतीचीं ४,०१,५१५, श्री. संजीव रेड्डी यांस ३,१३,५४८ व कुलाबा जिल्ह्यांत जन्मलेले डॉ. चिंतामणराव देशमुख यांस १,१२,७६९ मतें मिळालीं. कोणासहि आवश्यक संख्या न मिळाल्यामुळें खालच्या उमेदवारांस एकेक करून वगळून त्यांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजाव्या लागल्या. अखेर गिरी ४,२०,०७७ वर पोहोंचले. म्हणजे आवश्यक संख्येहून केवळ १,९०८ अधिक. देशमुखांहून खालच्या उमेदवारांचीं मतें मिळून ८,५०५ होतात. यांतील किती कोणाकडे गेलीं हें अलाहिदा. परंतु ज्या मोजणींत १,९०८ चें आधिक्य निर्णायक ठरलें, तींत ८,५०५ ची गणना 'इतर' म्हणून सोडून देणें शास्त्रशुद्ध नव्हे.

याच यादींत 'राजभोज पांडुरंग नाथूजी', मतें ८३१, अशी नोंद आहे. आडनांव प्रथम, मग स्वतःचें, मग वडिलांचें, ही लेखनपद्धति जुन्या मुंबई इलाख्याच्या मतदारयाद्यांची होय. थत्ते व भांबुरकर हीं नांवेंहि याच पद्धतीनें लिहिलेलीं आहेत. नांवाच्या तिन्ही अवयवांवरून हे १९२९ च्या पुण्यांतील पर्वती सत्याग्रहांतील कार्यकर्ते, व १९५२ सालीं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे सोलापुरांतून लोकसभेवर निवडून गेलेले पां. ना. राजभोज होत. जेथें तिन्ही अवयव जुळतात व चरित्राचा अन्य पुरावा अनुकूल असतो तेथेंच व्यक्तीची ओळख पटली असें म्हणावें. इंग्रजी तक्त्यांत मराठी नांवाचें ऱ्हस्वदीर्घ व अनुस्वार लोपतात, आणि एकाच हरिरामाचें 'चौधरी' तीन तऱ्हांनीं लिहिलें जातें. म्हणून केवळ नामसादृश्यावर एकाचें चरित्र दुसऱ्यास चिकटवणें हा आमच्या मतें या विषयांतील सर्वांत घातक प्रमाद होय. हयात नसलेला मनुष्य त्याचें खंडन करावयास येत नाहीं.

शेवटचा वर्ग ज्यांचीं नांवें निकालाच्या यादींतहि नाहींत अशांचा. १९७४ च्या दुरुस्तीनें दहा सूचक, दहा अनुमोदक व २,५०० रुपये अनामत अशी अट आली. १९९७ मध्यें ती पन्नास, पन्नास व १५,००० रुपये अशी वाढली. परिणाम तात्काळ दिसला. १९६९ सालीं पंधरा उमेदवार होते, ते १९७४ सालीं दोन उरले. १९७७ सालीं सदतीस अर्ज आले व त्यांतील एकच, श्री. संजीव रेड्डी यांचा, वैध ठरला. अशा वगळलेल्यांचा माग न्यायालयाच्या निवाड्यांत लागतो. चरणलाल साहू या वकिलांनीं १९७४, १९७७ व १९८२ या तिन्ही निवडणुकींविरुद्ध अर्ज केले, ते निवाड्यांच्या संग्रहांत ग्रथित आहेत. त्याही पूर्वीं १९५७ मध्यें नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे यांनीं सार्वत्रिक निवडणुका सर्वत्र पुऱ्या होण्याआधीं राष्ट्रपतीची निवडणूक घेऊं नये असा वाद मांडला होता. निवडणूक संपल्यावरच असा वाद ऐकतां येतो, असें न्यायालयानें ठरविलें.

या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. सरकारी तक्त्यानें या मनुष्यांचा अंक राखला. मनुष्य राखला नाहीं. त्यांचीं जाहीर पत्रकें, आमदारांस धाडलेलीं विनंतिपत्रें, सूचकांशीं झालेला पत्रव्यवहार, अर्जाच्या स्थळप्रती हीं साधनें कोठें असतील तर तीं घराघरांतील ट्रंकांत व जुन्या वकिलांच्या बस्त्यांत आहेत. अशा कागदास वाळवी व रद्दीवाला हे दोन शत्रु, आणि ते पेशवाईच्या रुमालाइतकाच १९५२ चा कागदहि खातात. मोडी कागद जमवितांना ज्या वाचकांच्या हातीं असें एकादें छापील पत्रक येईल, त्यांनीं तें अर्वाचीन म्हणून बाजूस टाकूं नये. त्यावरील तारीख, मुद्रणालयाचें नांव व मिळाल्याचें स्थळ यांची नोंद करून तें मंडळाकडे पाठवावें. थत्ते, भांबुरकर व हरिराम यांचा अंक आपल्याजवळ आहे. आतां त्यांचा कागद शोधावयाचा आहे.