बिनकोयीचा आंबा आणि रायवळाची कोय

राजपुरी खाडीच्या मुखाशी, जंजिरा किल्ल्यासमोरील दक्षिण तीरावर दिघी हे श्रीवर्धन तालुक्यातील गाव वसलेले आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील नारळ, सुपारी व आंब्याच्या बागा उन्मळून पाडल्या आणि फेरलागवडीचा प्रश्न उभा राहिला. फेरलागवड म्हणजे कलमे, आणि कलम म्हणजे कोय. या कोयीचे महत्त्व कोकणातच निर्माण झालेल्या बिनकोयीच्या आंब्याच्या इतिहासातून अधिक स्पष्ट होते.

बीजरहित फळाची अभिवृद्धी बियांपासून होऊ शकत नाही. केळीची लागवड मुनव्यांपासून होते. घाटावरील थॉम्पसन सीडलेस द्राक्षाच्या वेली छाटकलमांनी वा खुंटावर डोळा भरून वाढविल्या जातात. तासगावची 'तास-ए-गणेश' ही जात याच थॉम्पसनमधून निवडीने पुढे आली. या द्राक्षात फलन होते, परंतु गर्भाची वाढ मध्येच खुंटते. आंब्याची स्थिती निराळी आहे. त्याला कोय असते, परंतु हापूसची कोय रुजविल्यास हापूस मिळेलच याची शाश्वती नसते. म्हणून बी असूनही हापूस कलमावरच अवलंबून राहिला.

कलमांची ही परंपरा कोकणात गोव्यामार्गे रुजली, असे सामान्यतः मानले जाते. सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधिकाळात मनुची या इटालियन प्रवाशाने गोव्यातील नामांकित आंब्यांत 'अफोन्सो' नावाच्या आंब्याचा उल्लेख केलेला आढळतो. वाण व्यक्तीच्या नावाने ओळखला जाणे, हे तो कलमाने जसाच्या तसा टिकविला जात असल्याचे द्योतक म्हणावे लागेल.

१९७२ मध्ये दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्रात दक्षिणेकडील नीलम व हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात निर्माण झाली व १९८१ मध्ये प्रसारित करण्यात आली. हापूसमध्ये आढळणारा साका रत्नामध्ये नाही. पुढे रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करण्यात आला आणि त्यातून १९९२ मध्ये 'सिंधू' ही जात पुढे आली. तिची कोय अत्यंत लहान व पातळ असून गर व कोय यांचे प्रमाण सुमारे २६:१ इतके आहे. बिनकोयीचा आंबा म्हणून तिची ख्याती झाली. काटेकोरपणे पाहता तो 'जवळजवळ बिनकोयीचा' आहे, पण बाजारास व वृत्तपत्रांस एवढा सूक्ष्म भेद मानवत नाही! विशेष असे की या जातीचे पहिले झाड एका संकरित कोयीतूनच उगवले. त्यानंतरचे प्रत्येक झाड मात्र कलमाचे आहे.

आणि त्या प्रत्येक कलमाखाली दुसऱ्याच आंब्याची कोय असते. पूर्वी भेटकलमाची पद्धत रूढ होती. तीत रोप मातृवृक्षाच्या फांदीजवळ न्यावे लागे व बरेच महिने जात. कोयकलमाने हे काम सुलभ केले. पावसाळ्याच्या प्रारंभी रायवळ आंब्याच्या कोयी गादीवाफ्यावर रुजवितात. रोप पंधरवड्याच्या आतले, पाने अजून तांबूस व देठ कोवळा असतानाच त्याचा शेंडा छाटून खाच घेतात आणि इच्छित जातीची पाचरीसारखी तासलेली काडी तीत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. कोकणातील पावसाळी दमट हवा या सांध्यास मानवते.

२०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात रायगडचाही समावेश झाला. ज्या रायवळाच्या मुळांवर तो उभा आहे, त्याला नावही नाही व भावही नाही. बांधावरचा, रस्त्याकडेचा, आंबटगोड रसाचा हा वृक्ष वादळात पडला किंवा लाकडासाठी तोडला गेला, तर त्याच्या जागी सहसा कलमच लावले जाते. प्रत्येक रायवळ कोयीपासून वाढलेला असल्याने त्याचे गुण इतरांहून वेगळे असतात, आणि तो गेला की ते पुन्हा मिळत नाहीत. त्याची कोय वर्षानुवर्षे साठवूनही ठेवता येत नाही. फळातून काढल्यावर काही आठवड्यांतच तिची उगवणशक्ती नष्ट होते. त्यामुळे सिंधूचे असो वा हापूसचे, कलम बांधणाऱ्या रोपवाटिकेस दरवर्षी त्याच हंगामातील ताजी कोय लागते.